डीसीएमशिवाय पॉलिमरचे कण: हिरव्या द्रावकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.फार्म. किंवा पॉलिमर विषयात एम.एस्सी. करणारी मुलं प्रकल्पासाठी औषध हळूहळू सोडणारे पीएलजीए या पॉलिमरचे कण बनवायला येतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या कृतीत पहिली ओळ बहुतेक ठरलेली असते: 'पॉलिमर डायक्लोरोमेथेनमध्ये विरघळवा'. डायक्लोरोमेथेन, म्हणजेच डीसीएम, हा घातक द्रावक आहे. त्याच्या जागी इथाइल ॲसिटेटसारखा कमी घातक, म्हणजे 'हिरवा' द्रावक घेऊन ही ओळ बदलता येते, आणि बदलावी, असं माझं ठाम मत आहे. पण ती बदलली की खालच्या चार-पाच ओळीही बदलाव्या लागतात, आणि तिथेच सगळ्यांची गाडी अडते. मला वर्षानुवर्षं विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कण बनवायला द्रावक लागतोच कशाला?

पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनलेला पॉलिमर. शरीरात पाण्याच्या संपर्कात तो हळूहळू तुटतो आणि आतलं औषध बाहेर सोडतो. महिन्यातून एकदाच टोचायचं ल्युप्रोलाइड या औषधाचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झालं, ते याच तत्त्वावर. पण विकत मिळतो तो पॉलिमर साबुदाण्याएवढ्या दाण्यांच्या रूपात, आणि आपल्याला हवे असतात मायक्रॉनच्या किंवा नॅनोमीटरच्या मापाचे गोल कण, तेही पोटात औषध घेतलेले. म्हणून पॉलिमर आणि औषध एका द्रावकात विरघळवायचं, ते द्रावण पाण्यात ढवळून त्याचे थेंब करायचे आणि थेंबातला द्रावक काढून घ्यायचा. मागे राहतो तो कण. द्रावक अंतिम मालात नको असतो, तरी कणाचा आकार, छिद्रं आणि आतलं औषध हे सगळं तोच ठरवतो.

डीसीएममध्ये एवढं वाईट काय आहे? सगळे तोच वापरतात.

वापरतात, कारण तो कामाला फार सोपा आहे. या कामातले बहुतेक पॉलिमर त्यात विरघळतात, तो, ४० °से.ला उकळतो म्हणून पटकन उडून जातो आणि पाण्यात फारसा मिसळत नाही म्हणून थेंब छान गोल राहतात.

पण तो शरीरात गेला की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला '२अ' गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याचे सगळे घरगुती आणि बहुतेक औद्योगिक वापर बंद करण्याचा नियम काढला. प्रयोगशाळांना मुभा आहे, पण हवेतलं प्रमाण ८ तासांच्या सरासरीने २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भागांच्या) आत ठेवण्याच्या अटीवर. आता हे लक्षात घ्या: डीसीएमचा गोडसर वास बहुतेकांना येतो तो हवेत काही शे पीपीएम झाल्यावर. म्हणजे नाकाला कळेपर्यंत मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असते.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीतच नसते. नेहमीच्या निळ्या नायट्राइल हातमोज्यांतून डीसीएम एक-दोन मिनिटांत आरपार जातो. बोटाला अचानक गार लागतं आणि मग चुरचुरतं, तेव्हा तो आत पोचलेला असतो. हातमोजा लगेच काढा, हात धुवा.

एखादा द्रावक 'हिरवा' आहे हे ठरवतं कोण?

एकच एक मोजपट्टी नाही. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली, त्यातलं पाचवं द्रावकांबद्दल आहे: शक्यतो नकोच, आणि लागलाच तर निरुपद्रवी असू दे. पुढे औषध कंपन्यांनी आपापल्या द्रावक-याद्या काढल्या. युरोपातल्या 'केम२१' प्रकल्पाची यादी आज खूप वापरली जाते. ती सुरक्षितता, आरोग्य आणि पर्यावरण या तीन बाजूंनी गुण देते. तिच्यात इथाइल ॲसिटेट आणि डायमेथिल कार्बोनेट 'शिफारस केलेले' आहेत, तर डीसीएम 'धोकादायक'. प्रबंधात द्रावकाच्या निवडीचं कारण लिहायचं असेल तर या यादीचा आधार द्या. 'पर्यावरणपूरक आहे' एवढं लिहून भागत नाही, परीक्षक लगेच पकडतात.

डीसीएमच्या जागी सरळ तेवढंच इथाइल ॲसिटेट घातलं तर?

बहुतेक वेळा बॅच बिघडते. पहिल्यांदा मीही हेच केलं होतं. पीएलजीएचं इथाइल ॲसिटेटमधलं द्रावण पीव्हीएच्या (थेंब एकमेकांत मिसळू न देणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या) पाण्यात सोडलं आणि होमोजिनायझर, म्हणजे वेगाने घुसळणारं यंत्र, चालू केला. दुधासारखं पांढरं इमल्शन (पाण्यात विखुरलेले बारीक थेंब) होईल म्हणून बघत होते, तर दांड्याभोवती शेवयांसारख्या पांढऱ्या तारा गुंडाळल्या गेल्या आणि बीकरच्या तळाशी चिकट गोळा बसला. अख्खा दिवस दांडा साफ करण्यात गेला, आणि पॉलिमर महाग, त्यामुळे जीव हळहळला तो वेगळाच.

कारण पाण्यात आहे. डीसीएम १०० मिलि पाण्यात जेमतेम दोन ग्रॅमपर्यंत विरघळतो. इथाइल ॲसिटेट मात्र २० °से.ला साधारण ८ ग्रॅम विरघळतं. त्यामुळे थेंब पाण्यात पडला रे पडला की त्यातलं इथाइल ॲसिटेट बाहेर धाव घेतं, थेंबाच्या पृष्ठभागावर पॉलिमरची साय धरते, आणि थेंब अजून लांबुळका, ओढला गेलेला असतानाच घट्ट होतो.

बुंदी पाडताना काय होतं ते आठवा. झाऱ्यातून पीठ पडतं तेव्हा थेंबाला शेपूट असते. तेल अति तापलेलं असलं तर ती शेपूट तशीच तळली जाते. तेल बेताचं असलं तर थेंबाला गोल व्हायला क्षणभर मिळतो. आपल्यालाही तो क्षण मिळवून द्यायचा आहे: आधी गोल, मग घट्ट.

उपाय साधा आहे. थेंब ज्या पाण्यात सोडायचे, ते आधीच इथाइल ॲसिटेटने तृप्त करून ठेवायचं. पाण्याला आणखी घ्यायला जागाच नसली की थेंबातून द्रावक बाहेर पळत नाही. निवांत ढवळा, हव्या त्या मापाचे थेंब करा. मग ते इमल्शन भरपूर साध्या पाण्यात ओता. आता पाण्यात जागा आहे, द्रावक एकदम बाहेर निघतो आणि थेंब गोल आकारातच घट्ट होतो.

ते 'भरपूर पाणी' म्हणजे किती? हिशोब सांगा.

१० मिलि इथाइल ॲसिटेट म्हणजे ९ ग्रॅम. १०० मिलि पाण्यात ८ ग्रॅमच्या हिशोबाने ते सामावायला निदान ११०-११५ मिलि पाणी हवं. हे अगदी काठोकाठ झालं, प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट घ्या. तृप्त केलेल्या पाण्यातही इथाइल ॲसिटेट आहे, ते या हिशोबात धरायला विसरू नका. इथे चूक हमखास होते.

तुलनेला डीसीएम घ्या. १० मिलि म्हणजे १३ ग्रॅमहून थोडा जास्त, आणि त्याला साडेसहाशे मिलिच्या वर पाणी लागेल. म्हणून डीसीएमच्या कृतीत द्रावक हवेत उडवतात आणि इथाइल ॲसिटेटच्या कृतीत तो पाण्याने ओढून घेतात. पद्धतच वेगळी आहे. जुन्या कृतीत नुसतं द्रावकाचं नाव बदलून चालत नाही, ते यासाठी.

एक छोटी बॅच मापांसकट सांगाल का?

सांगते. ही औषधाशिवायची बॅच आहे.

फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) सेपरेटिंग फनेलमध्ये १ टक्का पीव्हीएचं १०० मिलि पाणी आणि १५ मिलि इथाइल ॲसिटेट घ्या, हळूवार हलवा, मधूनमधून कॉक उघडून दाब सोडा आणि थर वेगळे होऊ द्या. इथाइल ॲसिटेट पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. (डीसीएमची सवय असलेले इथे चुकून खालचा थर फेकतात.) खालचं पाणी २० मिलि घ्या, हे झालं तृप्त पाणी.

२०० मिग्रॅ पीएलजीए, ५०:५० प्रतीचा (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक भाग समान), ४ मिलि इथाइल ॲसिटेटमध्ये झाकण लावून विरघळू द्या. घाई नको, डीसीएमपेक्षा वेळ जास्त लागतो. हे द्रावण तृप्त पाण्यात सोडून एक मिनिट होमोजिनाइझ करा आणि न थांबता ०.३ टक्के पीव्हीएच्या १५० मिलि पाण्यात ओता. 'न थांबता' म्हणजे खरंच न थांबता. इथाइल ॲसिटेट आणि पाणी यांच्यातला आंतरपृष्ठीय ताण कमी असतो, त्यामुळे थेंब सहज बारीक होतात, पण द्रावक पाण्यातून एका थेंबातून दुसऱ्यात सरकत राहतो आणि मोठे थेंब लहानांना गिळतात. तुम्ही वहीत वेळ लिहायला वळलात तेवढ्यात माप बदललेलं असतं.

दोन-तीन तास संथ ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, तीनदा पाण्याने धुवा आणि फ्रीज ड्राय करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा.

कण तयार होतात, पण वाळवताना एकमेकांना चिकटतात. का?

गरम केलं असणार. कोरडा पीएलजीए साधारण ४५-५० °से.ला मऊ पडू लागतो. पण पाणी शोषलेला, आत थोडा द्रावक राहिलेला पीएलजीए ३० °से.च्या आसपासही मऊ असतो. इथाइल ॲसिटेट ७७ °से.ला उकळतं म्हणून पाण्याची टाकी तापवायचा मोह होतो, तो आवरा. उष्णता देण्याऐवजी निर्वात लावा, किंवा जास्त पाणी वापरा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात खोलीचंच तापमान ४० च्या घरात असतं, तेव्हा धुण्याचं पाणी फ्रिजमधलं घ्या. तयार भुकटी घट्ट बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा.

माझा पॉलिमर इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळतच नाही.

आधी कुठला आहे ते बघा. पीएलजीएच्या ५०:५० आणि ७५:२५ प्रती आणि डीएल-प्रकारचा पीएलए (नुसत्या लॅक्टिक आम्लाचा पॉलिमर) विरघळतो. एल-प्रकारचा पीएलए स्फटिकमय असतो, तो खोलीच्या तापमानाला दाद देत नाही. पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) हा पॉलिमर थोडं कोमट केल्यावर कसाबसा जातो. पीएचबी हा जिवाणूंपासून मिळणारा पॉलिमर फारच हट्टी, त्याचे बहुतेक प्रयोग अजून क्लोरोफॉर्मवरच चालतात. अशा वेळी द्रावक बदलण्याआधी पॉलिमर बदलता येईल का हे विचारा. तुमच्या औषधाला एल-प्रकारचाच पीएलए हवा, असं पुष्कळदा नसतं.

शोधाला दिशा हवी असेल तर हॅन्सनचे विद्राव्यता गुणांक वापरा. चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ मध्ये कोपनहेगनला मांडलेली ही पद्धत प्रत्येक द्रावकाला तीन आकडे देते. पॉलिमरच्या आकड्यांजवळचे आकडे असलेला द्रावक त्याला विरघळवण्याची शक्यता जास्त. ही फक्त चाळणी आहे. शेवटी परीक्षानळीत टाकून बघायचंच.

डायमेथिल कार्बोनेट, २-मेथिल टीएचएफ, सायरीन: यातलं काय घेऊ?

डायमेथिल कार्बोनेट माझ्या आवडीचं आहे. एकेकाळी ते फॉस्जीनसारख्या विषारी वायूपासून बनवत, आता त्याशिवाय बनतं. पाण्यात इथाइल ॲसिटेटहूनही जास्त, १०० मिलिमागे सुमारे १४ ग्रॅम विरघळतं, म्हणजे तृप्त पाण्याची युक्ती इथे आणखी गरजेची. एक खबरदारी: ते २ ते ४ °से.लाच गोठतं. सवयीने बीकर बर्फात ठेवलात तर द्रावण बीकरमध्येच घट्ट होईल. शिवाय अल्कधर्मी पाण्यात ते तुटून मेथेनॉल सुटतं, म्हणून बफर (पाण्याची आम्लता ठरावीक ठेवणारं मिश्रण) काळजीने निवडा.

२-मेथिल टीएचएफ फरफ्युरलपासून येतं आणि फरफ्युरल उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या कणसापासून, त्यामुळे त्याचं कूळ चांगलं. पण उघडलेल्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइड साठतात. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि ऊर्ध्वपातन करण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी लावून बघा. यात हयगय नको.

सायरीन सेल्युलोजपासून बनतं आणि डीएमएफ, एनएमपी या घातक द्रावकांना पर्याय म्हणून पुढे आलं आहे. ते २२७ °से.ला उकळतं, म्हणजे उडवून काढायचा प्रश्नच नाही, धुऊनच काढावं लागतं. घट्टही आहे. इमल्शनच्या कामासाठी मी ते पहिल्या फेरीत घेणार नाही.

मला १०० ते २०० नॅनोमीटरचे कण हवेत. एवढा खटाटोप करायचा का?

नाही. ॲसिटोन घ्या. पाण्यात डेटॉल ओतलं की पाणी एकदम पांढरं होतं, ते पाहिलं आहे ना? तेलकट घटक अल्कोहोलमध्ये विरघळलेले असतात, पाणी मिळताच अल्कोहोल तिकडे जातं आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. पॉलिमरचंही तसंच होतं. ५० मिग्रॅ पीएलजीए ५ मिलि ॲसिटोनमध्ये विरघळवून पोलॉक्झॅमर (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) घातलेल्या २० मिलि पाण्यात, ढवळत ढवळत थेंबथेंब सोडा. होमोजिनायझर लागत नाही, ध्वनिलहरींनी थेंब फोडणारा सोनिकेटर लागत नाही. फ्रान्समध्ये फेसी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सगळ्यात सोपी आहे. पाण्यात विरघळणारं औषध मात्र यात नीट अडकत नाही, ते पाण्यातच निघून जातं.

द्रावकच नको असेल तर?

दोन वाटा आहेत. कार्बन डायऑक्साइड ३१ °से. आणि ७४ बार दाबाच्या वर नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. त्याने काही पॉलिमर मऊ करून फवारता येतात, आणि दाब सोडला की वायू निघून जातो, मागे अवशेष राहत नाही. पण बहुतेक पॉलिमर त्यात विरघळत नाहीत आणि उच्च दाबाचं यंत्र महाग. संस्थेत असेल तर जरूर वापरा, प्रकल्पासाठी विकत घेण्याची गोष्ट नाही.

दुसरी वाट आपल्या घराच्या भिंतीवरच आहे. इमल्शन पेंट म्हणजे पाण्यातच घडवलेले ॲक्रिलिक पॉलिमरचे सूक्ष्म कण. तयार पॉलिमर विरघळवायचा नाही, पाण्यात मोनोमरपासून कणच वाढवायचा. ॲक्रिलिक आणि स्टायरिनसाठी ही पद्धत उत्तम, पीएलजीएसाठी नाही, कारण त्याची घडण पाण्यात होत नाही. आणि न कुजणारे कण बनवत असाल तर द्रावक हिरवा असून प्रश्न संपत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, ते अशाच कणांसाठी.

अंतिम कणांत द्रावक किती राहिलेला चालतो?

औषधांसाठी 'आयसीएच क्यू३सी' हा, उरलेल्या द्रावकांच्या मर्यादा देणारा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज पाहायचा. त्यात डीसीएम दुसऱ्या वर्गात, मर्यादा ६०० पीपीएम. क्लोरोफॉर्मला फक्त ६०. इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन तिसऱ्या वर्गात, मर्यादा ५,००० पीपीएम. २०२१ च्या सुधारणेत २-मेथिल टीएचएफही तिसऱ्या वर्गात आलं. मोजणी हेडस्पेस जीसीवर (नमुन्यावरची वाफ तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) करा. 'वास येत नाही' हा निष्कर्ष कुठेही लिहू नका.

मोठ्या प्रमाणावर कुणी हे केलं आहे का, की सगळं कागदावरच?

केलं आहे. अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालेल्या, दोन आठवड्यांनी एकदा टोचायच्या रिस्पेरिडोन या मानसिक आजारांवरच्या औषधाच्या पीएलजीए कणांच्या तंत्राच्या पेटंटमध्ये इथाइल ॲसिटेट आणि बेन्झिल अल्कोहोल यांचं मिश्रण आहे. औषध विरघळायला बेन्झिल अल्कोहोलची मदत, आणि काढून घ्यायला पाणी. गाइडसर 'इथाइल ॲसिटेटने इंडस्ट्रीत चालत नाही' म्हणाले तर हे नम्रपणे दाखवा.

इथाइल ॲसिटेट सुरक्षित आहे ना? मग हूडबाहेर काम केलं तर?

नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४ °से. आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. डीसीएम सहजी पेटत नाही, त्यामुळे त्याच्यावर हात बसलेल्यांना ही भीती ठाऊकच नसते. हॉट प्लेट, उघडी मोटर, शेजारच्या टेबलावरचा बर्नर हे सगळं दूर. विष कमी झालं, आग वाढली, हे मनात पक्कं ठेवा.

हे द्रावक आपल्याकडे बनतं का?

बनतं, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं. उसाच्या मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट हा रस्ता महाराष्ट्रात जुना आहे. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला, महाडला ते तयार होतं. त्यासाठी लागणारं ॲसेटिक आम्लही अल्कोहोलपासून करता येतं, तेव्हा रेणूतला सगळा कार्बन उसाचाच. पण बाजारातलं बरंचसं ॲसेटिक आम्ल खनिज मेथेनॉलपासून येतं, म्हणून बाटलीतलं इथाइल ॲसिटेट पूर्ण उसाचंच आहे असं पुरवठादाराला विचारल्याशिवाय लिहू नका.

टाकाऊ द्रावकाचं काय करायचं?

क्लोरीन असलेला आणि नसलेला, दोन वेगळे कॅन. एक घोट डीसीएम दुसऱ्या कॅनमध्ये गेला तरी तो अख्खा कॅन क्लोरीनवाला झाला, आणि जाळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं. इथाइल ॲसिटेट मिसळलेलं धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. प्रमाण मोठं असेल तर ऊर्ध्वपातनाने द्रावक परत मिळवा आणि पुढच्या वेळी पाणी तृप्त करायला तोच वापरा.

कुठून सुरुवात करू?

औषध बाजूला ठेवा. वरची बॅच तीनदा करा: एकदा साध्या पाण्यात, एकदा अर्धवट तृप्त पाण्यात, एकदा पूर्ण तृप्त पाण्यात. प्रत्येकीचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पहिल्या पट्टीवर तारा आणि वेडेवाकडे तुकडे असतील, तिसरीवर गोल कण. तिन्ही पट्ट्यांचे फोटो वहीत चिकटवा आणि मग औषधाची बाटली उघडा.